तांबीचा दोरा लागत नाही

प्रश्न : बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच तांबी बसवली. बाळ आता आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. पाळी अजून आलेली नाही. पूर्वी बोटाला दोरा लागायचा, दोन महिन्यांपासून लागत नाही. नणंद म्हणते, तांबी वर सरकली असेल, काही होत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तांबी कुठे आहे हे कळेपर्यंत ती नाहीच असं समजा आणि आजपासून निरोध वापरा. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर गर्भतपासणी करा. पाळी सुरू नसल्यामुळे दिवस गेले तरी तुमच्या लक्षात येणार नाही, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी.

तपासणी होकारार्थी आली तर सोनोग्राफीला उशीर नको. तांबी असताना राहिलेला गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते. ओटीपोटात एका बाजूला कळ, घेरी, खांदा दुखणं यांतलं काहीही झालं तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. गर्भ पिशवीतच असेल आणि दोरा दिसत असेल, तर तांबी लवकर काढून घेतात. ती तशीच ठेवली तर गर्भपाताचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

नकारार्थी आली तर डॉक्टर पिशवीचं तोंड तपासतील. पुष्कळदा दोरा तिथेच आत गुंडाळलेला असतो आणि बारीक ब्रशने फिरवून बाहेर येतो. नाही आला तर सोनोग्राफी. तांबी जागेवर दिसली की विषय संपला. दोरा नसल्याने तिचं काम कमी होत नाही. ३८० ए प्रकारची तांबी बसवल्या तारखेपासून १० वर्षं, ३७५ची ५ वर्षं चालते. तुमची कोणती, ते कार्डावर पाहा.

सोनोग्राफीत दिसली नाही म्हणून 'पडली' असं कुणी सांगितलं, तर तेवढ्यावर थांबू नका. पूर्ण पोटाचा एक्स-रे काढायला सांगा. क्वचित तांबी पिशवीला भोक पाडून पोटात जाते, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईत हा धोका थोडा अधिक असतो. तिच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम असतं, त्यामुळे एक्स-रेत ती स्पष्ट दिसते. पोटात सापडली तर दुर्बिणीतून काढावी लागते, कारण तांब्यामुळे आतडी चिकटतात. एक्स-रेतही नसेल तरच ती पडली. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी पडण्याचं प्रमाण जास्तच असतं.

कधी बोटाला दोऱ्याऐवजी कडक टोक लागलं तर तांबी अर्धवट बाहेर आली आहे. आत ढकलू नका, ओढू नका. ती काढून नवी बसवतात.

प्रश्न : तांबी बसवून दोन महिने झाले. पाळीत खूप जातं, पोट दुखतं. काढून टाकू का?

उत्तर : पहिले तीन ते सहा महिने असं होतं, पुढे बहुतेकींना कमी होतं. पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, जास्तीत जास्त पाच दिवस. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. सलग दोन तास तासाला एक पॅड भिजत असेल, ताप येत असेल किंवा घाण वासाचं पाणी जात असेल तर मात्र वाट पाहू नका. संसर्गाचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत सर्वाधिक असतो, पण ही लक्षणं कधीही दिसली तरी तपासणी हवीच. सहा महिन्यांनंतरही त्रास तसाच राहिला तर ती काढून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारण देत बसायची गरज नाही.