रविवारी धुतलेला टँक, मंगळवारी मेलेले मासे

वाचकांचे प्रश्न : घरातले मासे

प्रश्न : सर, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गेल्या गणपतीनंतर मुलाच्या हट्टापायी तीन फुटी फिशटँक घेतला. चार गोल्डफिश, दोन एंजल, सहा गप्पी आणि दोन शार्क. सहा-सात महिने सगळं छान चाललं. एप्रिलपासून मात्र दर आठवड्याला एक-दोन मासे मरतात. अंगावर डाग नाही, जखम नाही, पोट फुगलेलं नाही. दर रविवारी मुलगा आणि त्याचे बाबा मासे बादलीत काढून टँक पूर्ण रिकामा करतात. काच, खडी, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली ब्रशनं घासून लख्ख धुतात आणि टेरेसवरच्या टाकीचं पाणी भरतात. मार्चअखेरीपासून त्या टाकीत बोअरचंही पाणी सोडतात, पण तेच आम्हीही वापरतो. पाणी अगदी नितळ असतं. सोमवारी मासे नीट खातात. मंगळवारी-बुधवारी वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि जातात. दुकानदार म्हणाले, फंगस आहे. त्यांनी निळं औषध दिलं, ते घातल्यावर आणखी दोन गेले. उरलेल्या एका गोल्डफिशच्या परांच्या कडा काळ्या पडल्या आहेत. सासूबाई म्हणतात, माशांनी घरावरचं संकट स्वतःवर घेतलं. मुलगा मात्र रडतो. काय करू? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : ताई, उत्तराच्या जवळजवळ सगळ्या खुणा तुमच्याच पत्रात आहेत. सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे ‘सोमवारी मासे नीट खातात’. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मासे मरत असते, तर ते रविवारी दुपारीच कळलं असतं. क्लोरीन कल्ले जाळतो आणि काही तासांतच मासे सैरभैर होतात. फंगस असता तर अंगावर कापसासारखे पुंजके दिसले असते. आणि संसर्गाचा रोग रविवार-मंगळवार पाहून येत नाही. तुमच्याकडे मरणाला वार ठरलेला आहे. ज्या मरणाला वार असतो, ते आपल्याच हातून घडणाऱ्या एखाद्या कामाशी बांधलेलं असतं. इथं ते काम म्हणजे रविवारची धुलाई.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. चालू टँकमध्ये हा अमोनिया साठत नाही, कारण स्पंजवर, खडीवर आणि काचेवर सूक्ष्म जिवाणू वस्ती करून असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचं नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. स्पंजवरचा जो तपकिरी, बुळबुळीत थर तुमच्या घरी ब्रशनं घासून काढतात, त्यातच ते असतात. वर नळाचं क्लोरीनचं पाणी. म्हणजे दर रविवारी टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. रविवारी पाणी नवीन, अमोनिया शून्य. सोमवारी थोडा. मंगळवारपर्यंत तो कल्ल्यांना झोंबायला लागतो आणि मासे वर येतात. पाणी तेव्हाही नितळच दिसतं, कारण अमोनियाला रंग नाही.

मग सहा-सात महिने काही का झालं नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आलं असणारच. त्याची दोन कारणं मला दिसतात. एक, मासे वाढले. आणलेत तेव्हा बोटाएवढे असतील, आता खाणंही जास्त आणि घाणही जास्त. दुसरं, बोअरचं पाणी. मला तर हेच मुख्य वाटतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा जड असतं, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं, आणि त्याचा पीएच, म्हणजे पाणी आंबट की क्षारी हे दाखवणारा आकडा, सहसा चढा असतो. पाण्यातला सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच हिस्सा पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे घाण तेवढीच आणि विष दहापट. त्यात एप्रिलचा उन्हाळा, आणि पाणी तापलं की हा हिस्सा आणखी वाढतो. आपण तेच पाणी पितो हे खरं, पण आपण त्यात चोवीस तास श्वास घेत नाही.

आता त्या काळ्या कडांबद्दल. अमोनियानं भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशच्या परांवर आणि अंगावर असा काळा रंग चढतो. तो मासा बरा होतोय. त्याला औषध नको, चांगलं पाणी हवं.

निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असणार. वाईट औषध नाही ते, वेगळ्या भांड्यात आजारी माशाला द्यायला उपयोगी पडतं. पण मुख्य टँकमध्ये ओतलं की फिल्टरमध्ये तग धरून राहिलेले जिवाणूही मारतं. दुकानदारांना मी दोष देत नाही. समोर मेलेला मासा आणि ‘काहीतरी द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक असलं की बाटली दिली जाते. पण मासा कशानं मेला हे कळण्याआधी औषध घालू नये, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आणि तुम्हालाही कळकळीनं सांगतो.

आता काय करायचं ते सांगतो. आजपासून दोन दिवस खाणं बंद. धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस उपाशी सहज राहतात, मुलाला तेवढं समजावा. रोज पाव ते तृतीयांश पाणी बदला, सगळं नाही. बदलायचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल, शक्य असेल तर त्यात एअर पंपाची नळी सोडून ठेवा, आणि जमेल तितकं नळाचंच पाणी घ्या, बोअरचं टाळा. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात क्लोरीन वाढवावा लागतो. तेव्हा नुसत्या साठवणुकीवर भिस्त ठेवू नका, अँटिक्लोरीनचे थेंब घाला. त्यात सहसा सोडियम थायोसल्फेट असतं, जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणायचे तेच.

स्पंजला आता काही आठवडे हात लावू नका. पुढं कधी पाण्याची धार अगदीच मंदावली, तर टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो दोन-चारदा हलकेच पिळायचा आणि ओला असतानाच परत बसवायचा. खडी बाहेर काढायची नाही. नळीनं वरवरचा गाळ ओढून घेतला की पुरे.

जिवाणूंची वस्ती आपोआप बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पण ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा ओल्या पिशवीत आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. दह्याला विरजण लावतो तसंच हे. काम बरंच लवकर होतं. अमोनियाचं थेंबांचं टेस्ट किट जरूर घ्या. काचेच्या नळीतल्या पाण्यात थेंब टाकून किटवर लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि नळी पांढऱ्या कागदावर धरून दिवसाउजेडी पाहायची. बऱ्याच किटमध्ये पिवळा रंग म्हणजे ठीक, हिरवट झाक दिसली की पाणी बदलायचं. हे काम मुलाला द्या. रोज वहीत तारीख, रंग आणि कोण कसं पोहतंय ते त्याला लिहू दे.

तरीही एखादा मासा गेलाच, तर तो लगेच टाकून देऊ नका. पांढऱ्या बशीत घेऊन काडीच्या टोकानं कल्ल्यावरचं झाकण उचला. ताजा मेलेला असेल तरच याला अर्थ आहे, तासाभरानंतर रंग उतरतो. लालभडक, सुजलेले, चिकट स्राव आलेले कल्ले असतील तर अमोनियाचा संशय पक्का. कॉफीसारखा तपकिरी रंग असेल तर नायट्राईट. ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं, म्हणून पंप चालू असूनही मासा गुदमरतो. अमोनिया उतरू लागल्यावर काही दिवस नायट्राईट चढतं, तेव्हा घाबरू नका. पाणी बदलणं चालू ठेवा आणि लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं खडा मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला. तुमच्या टँकमध्ये खडी वगळता ९० लिटरच्या आसपास पाणी बसत असेल, म्हणजे मीठ ९० ग्रॅम. मिठातला क्लोराईड नायट्राईटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

अजून एक, मनावर घ्या. हे मासे एकत्र राहण्याजोगे नाहीत. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि तो घाण खूप करतो, एंजलला उबदार पाणी लागतं. ‘शार्क’ म्हणून विकतात तो पंगास, तो वाढून मीटरभराचा होतो. तीन फुटी टँक त्याचं घर होऊच शकत नाही. दुकानात परत द्या, किंवा मोठा हौद असलेल्या कुणाला. रंकाळा किंवा कळंबा तलावात सोडू नका, हात जोडून सांगतो. परदेशी मासा आपल्या तळ्यात रुजला तर पुन्हा काढता येत नाही. टँक स्थिर होईपर्यंत नवा मासाही आणू नका.

सासूबाईंच्या श्रद्धेवर मी काही बोलणार नाही. घरावर माया असलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. पण मासा संकट घेऊन गेला असं मानलं, की दुसरा मासा त्याच पाण्यात आणून सोडला जातो, एवढंच त्यांना माझ्या वतीनं सांगा. मुलाला सांगा की त्यानं मासे मारले नाहीत. त्यानं मनापासून स्वच्छता केली. स्वच्छ कशाला म्हणायचं ते माशांच्या बाबतीत थोडं वेगळं आहे.

प्रश्न : परवा रात्री वळवाचा पाऊस झाला, वीज गेली ती पहाटे आली. सकाळी पाहतो तर पाचही एंजल आणि मोठे टेट्रा मेलेले. गुरामी आणि सकर मात्र ठणठणीत. विजेच्या कडकडाटानं मासे मरतात का? (कसबा बावडा)

उत्तर : कडकडाटानं नाही, बंद पडलेल्या पंपानं. कोण वाचलं ते पाहा. गुरामीला डोक्यात हवा घेण्याचा वेगळा अवयव असतो, तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. सकरही अडचणीत हवा गिळून भागवतो. बाकीच्यांना फक्त पाण्यात विरघळलेला प्राणवायू. विष असतं तर सगळेच लोळले असते. हवा घेणारे जगले आणि बाकीचे गेले, म्हणजे प्राणवायूच संपला होता.

समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात साठा आधीच कमी, रात्री पाणवनस्पतीही प्राणवायूच घेतात, म्हणून पहाट सगळ्यात वाईट वेळ. घरात बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा. नसेल तर तांब्यानं पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओता, काही मिनिटं, मग पुन्हा थोड्या वेळानं. वीज गेल्यावर खाणं घालू नका. आणि वीज आल्यावर बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नका. तासन् तास थांबलेलं आतलं पाणी सडलेलं असतं, ते आधी ओतून टाका. एअर पंप टँकच्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

प्रश्न : पाण्याची टेस्ट सगळी ठीक येते, तरी रात्रीतून गप्पी तडफडून, गिरक्या घेत मरतात. टँक झोपायच्या खोलीत आहे. (शुक्रवार पेठ)

उत्तर : गिरक्या, झटके, कुशीवर पडणं ही मज्जासंस्थेवरच्या विषाची लक्षणं आहेत. खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावता का आणि खिडक्या बंद असतात का, ते पाहा. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाच्या शरीरात लवकर मोडतात, माशांच्या शरीरात नाही. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे टेस्ट किटला न दिसणारं विष रात्रभर पाण्यात जात राहतं. पंप दुसऱ्या, हवेशीर खोलीत ठेवून लांब नळी आत घ्या. झोपताना मच्छरदाणी लावा. फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे विष शोषून घेणाऱ्या खास कोळशाची पुडी ठेवा आणि निम्मं पाणी बदला. उदबत्ती, धूप, घरातलं पेस्ट कंट्रोल आणि भिंतींचा ताजा रंग यांनाही हेच लागू. पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील, तर त्या दिवसापुरते मासे शेजाऱ्यांकडे ठेवा.