वैज्ञानिक मॉडेलिंगमध्ये पीएचडीसाठी परदेशी यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गणितात एम.एस्सी. संपत आली आहे, पुढे वैज्ञानिक मॉडेलिंगमध्ये पीएचडी करायला बाहेर पडायचं आहे. देश कुठला धरावा, अर्ज गणित विभागात करावा की डेटा सायन्सकडे, आणि कोडिंग बेताचंच येतं ते आडवं येईल का? जाता जाता लिनिअर अल्जिब्राचा पुढे काय उपयोग, असंही विचारलंत. मी जर्मनीत भूजलप्रवाहाच्या मॉडेलिंगवर काम करते. त्यामुळे इथलं मला आतून माहीत आहे, बाकीच्या देशांचं सहकाऱ्यांकडून. देशाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, पण मी तो मागे ठेवते. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तो बराचसा आपोआप सुटतो.

विभागाच्या नावावर जाऊ नका. समीकरण मांडायचं, ते संगणकाला सोडवता येईल अशा रूपात आणायचं, मोजमापांशी जुळवायचं आणि आलेलं उत्तर किती चुकलेलं असू शकतं ते सांगायचं, एवढं हे काम. ते वेगवेगळ्या पाट्यांखाली चालतं. न्यूयॉर्कच्या कूरंट इन्स्टिट्यूटमध्ये वातावरण आणि महासागराचं संशोधन गणिताच्याच छताखाली होतं. टेक्सासमधल्या ऑस्टिनला ओडन इन्स्टिट्यूट ही यासाठी वेगळी संस्था आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्गचं आयडब्ल्यूआर हे केंद्र १९८७ पासून गणितज्ञांना इतर विज्ञानांतल्या लोकांबरोबर बसवतं आहे. आणखी कुठे हेच काम मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये किंवा भूभौतिकीत सापडेल. म्हणून शोध उलट्या बाजूने घ्या. तुम्हाला खरोखर भिडलेले तीन-चार शोधनिबंध काढा, त्यांत कुणाची पद्धत वापरली आहे ते पाहा आणि ती माणसं कुठे काम करतात ते शोधा. जी यादी हाती येईल ती विद्यापीठांच्या कुठल्याही क्रमवारीपेक्षा कामाची.

आता डेटा सायन्स की गणित. हा प्रश्न हल्ली जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. त्याचं उत्तर हवामानाच्या उदाहरणाने देते, कारण दोन्ही बाजू तिथे जितक्या उघड दिसतात तितक्या दुसरीकडे क्वचितच दिसतात.

गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट, म्हणजे समीकरणं न सोडवता जुन्या डेटावरून शिकलेलं न्यूरल नेटवर्क, २०२३ मध्ये आलं आणि दहा दिवसांचा जागतिक अंदाज मिनिटभराच्या आत देऊ लागलं. युरोपच्या मध्यम मुदतीच्या हवामान केंद्राने, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफने, २०२५ च्या फेब्रुवारीत स्वतःचं, डेटावरून शिकवलेलं मॉडेल नेहमीच्या भौतिक मॉडेलच्या जोडीला रोजच्या वापरात आणलं. आता समीकरणांचे दिवस संपले, असं यावरून वाटू शकतं. पण ग्राफकास्ट शिकलं कशावर? ईआरए-५ या हवामानाच्या माहितीसंचावर, १९७९ ते २०१७ या काळातल्या. आणि ईआरए-५ ही निव्वळ मोजमापांची वही नाही. जुनी निरीक्षणं आणि समीकरणांवर चालणारं मॉडेल यांचा मेळ घालून तयार केलेला तो इतिहास आहे. शिवाय रोजचा अंदाज सुरू करायला आजची अवस्था लागते, आणि तीही त्याच मेळातून येते. या मेळाला डेटा असिमिलेशन म्हणतात. तुमच्यासारख्या गणितवाल्यासाठी खरी मेजवानी तिथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

वातावरणाच्या अवस्थेत समजा एक अब्ज संख्या आहेत. निरीक्षणं त्यामानाने फारच कमी, म्हणून उरलेली जागा आधीच्या अंदाजाने भरायची. त्यासाठी आधीच्या अंदाजातल्या चुका एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते सांगणारी कोव्हेरियन्स मॅट्रिक्स हवी. ती पूर्ण लिहायची म्हटलं तर १० चा १८ वा घात इतक्या नोंदी, प्रत्येकीला ८ बाइट, म्हणजे ८० लाख टेराबाइट. सममिती वापरून निम्मं केलं तरी ते कुठल्याच यंत्रात ठेवण्यासारखं नाही. मग काय करतात? मॉडेल थोड्याथोड्या वेगळ्या सुरुवातींपासून, समजा ५० वेळा, चालवतात आणि त्या ५० धावांवरून कोव्हेरियन्सचा अंदाज बांधतात. पण या मॅट्रिक्सची रँक, म्हणजे तिच्यातल्या स्वतंत्र दिशांची संख्या, ४९ च्या वर जाऊच शकत नाही, आणि ५० नमुन्यांत हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन जागांमध्ये खोटा संबंध सहज दिसतो. उपाय असा की अंतराबरोबर शून्याकडे उतरणाऱ्या एका फलनाच्या मॅट्रिक्सने तिला नोंदीला नोंद गुणायचं. असं केल्यावर ती कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच राहील याची हमी कोण देतं? इसाय शूरचं १९११ चं प्रमेय: दोन धन-अर्धनिश्चित (म्हणजे कुठल्याही दिशेने ऋण विचरण न देणाऱ्या) मॅट्रिक्सचा असा गुणाकारही धन-अर्धनिश्चितच असतो, म्हणून ते फलनही तशीच मॅट्रिक्स देणारं निवडायचं. म्हणजे ज्या लिनिअर अल्जिब्राचा पुढे काय उपयोग असं तुम्ही विचारलंत, ती रोजच्या अंदाजाच्या पोटात बसलेली आहे.

तेव्हा न्यूरल नेटवर्क शिका, नक्की शिका. पण अशा गटात जा जिथे त्या विषयाचे जुने सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारे प्रोग्राम, चालवणारं कुणीतरी शेजारी बसतं. निव्वळ 'विज्ञानासाठी एआय' असं नाव लावणाऱ्या गटाशी बोलणं झालं तर एकच विचारा: तुमचं नेटवर्क हजारपट वेगवान आहे म्हणता, ते कुठल्या पद्धतीशी तुलना करून? समोर कुणीही आज वापरत नाही अशी संथ पद्धत उभी केली असेल, तर त्या हजारपटीला अर्थ नाही. या प्रश्नावर चिडणाऱ्या प्राध्यापकाकडे मी तरी तीन-चार वर्षं काढणार नाही.

कोडिंग बेताचं येतं हे आडवं येईल, पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही. तुम्ही किती भाषा जाणता हे फारसं कुणी विचारत नाही. पायथन बहुतेक ठिकाणी चालतं, मोठी लायब्ररी हाताळायची तर सी प्लस प्लस लागतं, आणि फोरट्रानला मेलेली भाषा समजू नका. जर्मन हवामान खात्याचं आयकॉन मॉडेल मुख्यतः फोरट्रानमध्येच लिहिलेलं आहे आणि ते जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या वेगवान चिपवर, नेण्याच्या कामात कित्येकांची उमेदवारी गेली आहे. मुलाखतीत खरा प्रश्न येतो तो असा: हे उत्तर बरोबर आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?

हा प्रश्न पुस्तकी नाही. नॉर्वेत स्टाव्हँगरजवळच्या खाडीत २३ ऑगस्ट १९९१ ला स्लाइपनर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असताना बुडाला. चौकशीत निघालं की फायनाइट एलिमेंटच्या गणनेत (यात रचनेचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडून ताण काढतात) काही भिंतींमधला शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा ताण, सुमारे ४७ टक्के कमी आला होता. तिथली जाळी ढोबळ होती, आकार विचित्र होते. नंतर काटेकोर गणना केली तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत उत्तम होती. जाळी बारीक केल्यावर उत्तर किती हलतं, हे वेळेवर पाहायला हवं होतं.

निघण्यापूर्वी एक काम करा, ते दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलेल. एकक चौरसावर प्वासाँचं समीकरण घ्या. उत्तर आधीच ठरवा, त्यावरून उजवी बाजू काढा, मग साध्या पाच-बिंदू पद्धतीने (जाळीतला एक बिंदू आणि त्याचे चार शेजारी घेऊन) सोडवा. जाळीचं अंतर निम्मं केलं की चूक चौथाई व्हायला हवी. लॉग-लॉग आलेखावर २ चा उतार आला नाही तर चित्र कितीही देखणं दिसो, कोड चुकलेला आहे. मग त्यातून येणारी लिनिअर प्रणाली कॉन्जुगेट ग्रेडियंटने, म्हणजे फेरीफेरीने उत्तराजवळ जाणाऱ्या पद्धतीने, सोडवा. अंतर निम्मं झालं की फेऱ्या साधारण दुप्पट होताना दिसतील. इथे एक गंमत आहे. ठरवलेलं उत्तर साइन पाय एक्स गुणिले साइन पाय वाय असं घेतलंत आणि शून्यापासून सुरुवात केलीत, तर एकाच फेरीत काम संपेल आणि तुम्हाला वाटेल, किती झकास कोड लिहिला. का संपतं ते स्वतः शोधा. मुलाखतीत हे सांगता आलं तर समोरचा खुर्चीत पुढे सरकतो. शेवटी मल्टिग्रिड (ढोबळ आणि बारीक जाळ्या मिळून वापरणारी पद्धत) लावा आणि फेऱ्या जाळीवर अवलंबून राहत नाहीत हे दाखवा. सगळं गिटवर ठेवा, दोन-तीन चाचण्या लिहा, आणि परक्या माणसाला एका आज्ञेत आलेख काढता येईल असं करा.

आता देश. अमेरिकेत पीएचडीला साधारण पाच वर्षं किंवा जास्त लागतात. सुरुवातीला अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा, मार्गदर्शक बहुधा नंतर ठरतो. विषय पक्का नसेल तर ही पद्धत सोयीची. जर्मनीत मास्टर्स झालेलं असावं लागतं. बहुतेकदा तुम्ही एका ठरलेल्या प्रकल्पावर नोकरीला लागता, अभ्यासक्रम जवळजवळ नसतो आणि पहिल्या आठवड्यात तुमच्यासमोर दुसऱ्याचा कोड ठेवला जातो. ज्याला प्रश्न माहीत आहे त्याच्यासाठी हे उत्तम, चाचपडणाऱ्यासाठी कठीण. संशोधन इंग्रजीत चालतं, पण पदवीच्या वर्गांचे सराव तास घ्यायचे तर बऱ्याच ठिकाणी जर्मन लागते.

युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या पीएचडीच्या जागा चांगल्या असतात, पण त्यांचा एक नियम लक्षात ठेवा: नेमणूक होण्याआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. आधी जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स करून लगेच जर्मनीतलीच अशी जागा मिळवायचा बेत असेल तर तो बारगळेल. फ्रान्स किंवा स्वीडनमधली तशीच जागा मात्र खुली राहील.

मोठ्या यंत्राच्या मोहाने गाव निवडू नका. जर्मनीतल्या युलिशला २०२५ मध्ये ज्युपिटर सुरू झाला, युरोपातला पहिला एक्झास्केल (सेकंदाला १० चा १८ वा घात इतक्या गणना करणारा) संगणक. त्यावरचा वेळ गटांना प्रस्ताव लिहून मिळवावा लागतो आणि त्यासाठी त्या शहरात राहायची गरज नसते. पीएचडीतला बराच वेळ स्वतःच्या लॅपटॉपवर, छोट्या जाळीवर चूक शोधण्यातच जातो.

पत्र पाठवताना स्तुती नको. दोन परिच्छेद पुरेत: त्यांचा कुठला निबंध वाचलात आणि त्यातलं काय अडलं, मग तुमच्या त्या प्वासाँच्या कामाचा दुवा. निबंधातला एखादा आलेख स्वतः पुन्हा काढून पाहिला असेल तर तेही लिहा. तो जुळला नसेल तर आवर्जून लिहा. अमेरिकेतले बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, जर्मनीत जागा वर्षभर निघत राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच एनए डायजेस्ट या न्युमेरिकल ॲनालिसिसवाल्यांच्या पत्रिकेत येतात. तिची वर्गणी लागत नाही. आजच नाव घाला आणि काही आठवडे फक्त जाहिराती वाचा. कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात ते टिपून ठेवा आणि उरलेल्या सेमिस्टरमध्ये कुठला विषय घ्यायचा ते त्यावरून ठरवा.