अमेरिकेत मिळणाऱ्या एफएएल या लष्करी रायफलच्या पार्ट्स किटमध्ये (सुट्या भागांच्या संचात) रिसीव्हर, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात तो मुख्य सांगाडा, का नसतो?

कारण तिथल्या १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार रिसीव्हर म्हणजेच बंदूक. बाकीचे नुसते सुटे भाग. लष्करी ऑटोमॅटिक एफएएलचा रिसीव्हर कायद्याने कायमचा मशीनगन ठरतो, म्हणून तो आधीच गॅस कटरच्या ज्योतीने कापतात. काही किटांत वितळलेल्या कडांचे तुकडे दिसतातही. २००५ मध्ये बॅरलची (नळीची) आयातही बंद झाली. अमेरिकी सेमी-ऑटो (ट्रिगरच्या एका दाबाला एकच गोळी) रिसीव्हर घेतला तरी तिथल्या नियमात यादी दिलेल्या २० भागांपैकी परदेशी १० च चालतात. ट्रिगर, हॅमर, गॅस पिस्टन बदलतात ते त्यासाठी, हौस म्हणून नव्हे. अर्थात हे अमेरिकेपुरतं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रच, त्यामुळे परवान्याशिवाय किट मागवायच्या भानगडीत पडू नका.