प्रश्न वाचकांचे : कोंबडीला धाप लागली तर

प्रश्न : माझ्याकडे १४ गावरान कोंबड्या आहेत. दिवसा ठणठणीत असतात, पण रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येते. दोघींच्या डोळ्यांत फेस दिसतो. पावसामुळे खुराड्याला चारही बाजूंनी प्लास्टिक लावले आहे. दुकानातून पावडर आणून दोन दिवस पाजली, फरक पडला नाही. आता कोणते औषध द्यावे?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : औषधाच्या आधी ते प्लास्टिक काढा. विष्ठा आणि ओला भुसा एकत्र कुजला की अमोनिया सुटतो. श्वासनलिकेच्या आत अतिसूक्ष्म केस असतात आणि धूळ, जंतू बाहेर ढकलण्याचे काम ते करतात. अमोनियाने हे केस निकामी होतात आणि एरवी गप्प असलेले मायकोप्लाझ्माचे जंतू डोके वर काढतात. रात्रीची घरघर, शिंका, डोळ्यांत फेस आणि तरीही दिवसा चरणे, ही सगळी लक्षणे सीआरडी या जुनाट श्वसनरोगाकडे बोट दाखवतात.

पहाटे खुराडे उघडण्याआधी आत वाका आणि कोंबड्या बसतात त्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. उभ्याने वास येत नाही, म्हणून बरेच जण फसतात. डोळे चुरचुरले तर हवा नक्कीच बिघडली आहे. मूठभर भुसा दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तो सगळा काढून कोरडा भुसा दोन-तीन इंच पसरा. ओल्या भुशावर चुना मारू नका. चुन्यामुळे अमोनिया उलट जास्त सुटतो. पावसाच्या बाजूचे प्लास्टिक कोंबड्यांच्या डोक्यापर्यंतच ठेवा, त्यावरची वीतभर जागा जाळीने उघडी राहू द्या. झोत अंगावर नको, पण वर साचलेली दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे.

फेस आलेल्या दोघी आजच वेगळ्या करा. नुसते डालगे पालथे घालून त्याच खुराड्यात ठेवणे म्हणजे वेगळे करणे नव्हे. जागा दुसरी हवी, पाण्याचे भांडे दुसरे हवे, आणि दाणापाणी आधी निरोगी कोंबड्यांचे करून मग आजाऱ्यांकडे जायचे.

टायलोसिन किंवा डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकांचा (जंतू मारणाऱ्या औषधांचा) या रोगावर उपयोग होतो. मात्रा पशुवैद्यकांकडून वजनानुसार ठरवून घ्या. मोठी कोंबडी दिवसाला साधारण २०० ते २५० मिली पाणी पिते. म्हणजे तुमच्या १४ कोंबड्यांना सव्वातीन लिटरच्या आसपास पाणी लागेल. औषध घमेलेभर पाण्यात कालवले तर निम्मे वाया जाते आणि पोटात जाणारी मात्रा अपुरी पडते. कोंबड्या दिवसभरात पितात तेवढ्याच पाण्यात औषध घाला, दुसरे पाणी ठेवू नका, रोज ताजे करा. दोन दिवसांत सोडून दिले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून सांगितलेले दिवस पूर्ण करा. औषध चालू असताना आणि नंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका, विकू नका.

बऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या अंगात हे जंतू राहतात आणि अंड्यातून पिलांत उतरतात. त्यांची अंडी खुडुकखाली बसवू नका. डोळ्याखाली सूज आली आणि नाकातून दुर्गंधीचा चिकट स्राव आला, तर तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी, असू शकतो. तो एक ते तीन दिवसांत सगळ्या खुराड्यात पसरतो, तेव्हा वाट पाहू नका.

प्रश्न : दोन दिवसांत तीन कोंबड्या मेल्या. आणखी दोन चोच उघडून धापा टाकतात, विष्ठा हिरवी आहे, एकीची मान वाकडी झाली आहे. आता लस टोचली तर वाचतील का?
– एक वाचक, अकोले

उत्तर : आजारी कोंबड्या लसीने वाचत नाहीत. लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेतची आहेत. हा विषाणूचा रोग असल्याने त्यावर प्रतिजैविक चालत नाही. मात्र बर्ड फ्लूतही असाच झपाट्याने मृत्यू येतो, तुरा निळा पडतो, आणि नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नवापुरात, २००६ साली. म्हणून मेलेली कोंबडी घरी कापून पाहू नका, शिजवू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना आजच कळवा. नमुना घ्यायचा की नाही ते ठरवतील, मग तोंडाला फडके बांधून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

पुढच्या पिलांसाठी लासोटा आणि आर-टू-बी या राणीखेतच्या दोन लसींचा क्रम असा ठेवा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ०.५ मिली पंखाजवळ कातडीखाली. अंड्यावर आलेल्या कोंबडीला आर-टू-बी देऊ नका. लस बर्फात आणा आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवा. लस दिली तरी रोग आला, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते, आणि बहुतेक वेळा लस उन्हातून, बर्फाशिवाय आणलेली असते.

प्रश्न : दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून, पंख पसरून बसतात. आवाज नाही, संध्याकाळी नीट होतात.
– एक वाचक, आर्वी

उत्तर : हा रोग नाही, उन्हाळा आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापेनेच अंग थंड करते. सावलीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, दुपारी दोनदा बदला, दाणा सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या. संध्याकाळ झाल्यावरही धाप थांबली नाही तर मात्र पशुवैद्यकांना दाखवा.

प्रश्न : सर्दी झालेल्या कोंबडीला हळद-लसणाचे पाणी सिरिंजने पाजले आणि ती जागीच मेली. हळद बाधली का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : नाही, पाणी फुफ्फुसात गेले. कोंबडीची चोच उघडून जीभ पाहा. जिभेच्या बुडाशी एक उभी फट उघडझाप करताना दिसेल. तीच श्वासनलिका. मधोमध पिचकारी मारली की पाणी थेट तिच्यात जाते. शिवाय कोंबडीला श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यातला श्वास ओढणारा पडदा, नसते. छातीचे हाड वर-खाली हलते तेव्हाच तिला श्वास घेता येतो, त्यामुळे छातीशी घट्ट आवळून धरले तरी ती गुदमरते. दोन्ही पंख अलगद धरून तिला मांडीवर सरळ बसवा, मान नैसर्गिक ठेवा, आणि चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडा. थेंब गिळला की मगच पुढचा. पाय धरून उलटी टांगलेल्या कोंबडीला काहीही पाजू नका.