सात किलोमीटर दूरचा, वीस पैसे स्वस्त पंप

आपले पत्र आणि त्यासोबत पाठवलेली वहीच्या पानांची छायाचित्रे मी दोनदा वाचली. आपण इंदूरला सुदामा नगरात राहता, पीथमपूरला नोकरीसाठी रोज स्वतःच्या गाडीने जाता, गाडी २०१६ सालची आहे, ती महिन्याला साधारण १,६०० किलोमीटर चालते आणि तिला सुमारे १०० लिटर पेट्रोल लागते. चिरंजीव बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत असल्याने दर दोन महिन्यांनी तिकडे फेरी होते. पेट्रोल कुठे आणि केव्हा भरावे म्हणजे स्वस्त पडेल, त्यासाठी तेल कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड घ्यावे का, आणि भाव पुन्हा चढलेच तर भरपाई व्हावी म्हणून तेल कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवावेत का, हे आपले तीन प्रश्न आहेत. हा सगळा खटाटोप म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला आहे, असे आपल्या सौभाग्यवतींचे मत असल्याचेही आपण प्रांजळपणे कळवले आहे.

वही नेटकी आहे. तारीख, पंप, भाव आणि रुपये असे चार रकाने आहेत, आणि रुपयांच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला ५०० हाच आकडा आहे. महिन्यातून चार वेळा आपण घरापासून सात किलोमीटर दूरच्या पंपावर मुद्दाम जाता, कारण तिथे लिटरमागे वीस पैसे कमी पडतात. १०६ रुपये ५० पैसे भाव धरला तर ५०० रुपयांत ४.७ लिटर पेट्रोल येते, म्हणजे एका खेपेत आपली बचत चौऱ्याण्णव पैशांची होते. आणि जाऊन-येऊन चौदा किलोमीटर गाडी चालवण्यात, आपल्याच १६ च्या ॲव्हरेजने, सुमारे त्र्याण्णव रुपयांचे पेट्रोल जळते. तेव्हा मसाल्याच्या बाबतीत सौभाग्यवतींनी आपल्याला बरीच सवलत दिलेली आहे. एकाच शहरात सरकारी कंपन्यांच्या पंपांवरील भावांत जो फरक दिसतो तो डेपोपासूनचे अंतर आणि त्या त्या कंपनीचा हिशोब यांमुळे पडतो आणि तो बहुधा पैशांतच राहतो. कामावर जाण्याच्या वाटेवरचा, माप चोख देणारा पंप धरावा आणि शहरातल्या शहरात भाव शोधणे सोडून द्यावे.

शहराबाहेर मात्र फरक खरा आहे, आणि तो कशामुळे पडतो हे समजून घेण्यासारखे आहे. बडोद्याला पेट्रोल स्वस्त का, तर शेजारी कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे म्हणून, असे आपण लिहिले आहे. इंडियन ऑइलचा तो कारखाना १९६५ पासून चालू आहे हे खरे. पण शुद्धीकरण कारखाना आपल्या मध्यप्रदेशातही आहे, सागर जिल्ह्यात बीना येथे, आणि तरीही देशातल्या महाग पेट्रोलच्या राज्यांत आपली गणना होते. कारण कारखान्यात नसून करात आहे. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर प्रत्येक राज्य आपापल्या दराने व्हॅट लावते. मूळ किंमत, केंद्राचे उत्पादन शुल्क आणि पंपमालकाचे कमिशन मिळून एक लिटर ८० रुपयांना पडते असे समजा. मध्यप्रदेशात त्यावर २९ टक्के व्हॅट म्हणजे २३ रुपये २० पैसे, शिवाय लिटरमागे अडीच रुपये आणि १ टक्का उपकराचे ८० पैसे लागतात, आणि भाव १०६ रुपये ५० पैशांवर जातो. गुजरातेत १३.७ टक्के व्हॅट आणि त्यावर ४ टक्के उपकर लागून तेच पेट्रोल ९४ रुपये ६० पैशांना पडते. जवळजवळ बारा रुपयांचा हा फरक करामुळेच पडतो.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. व्हॅट टक्केवारीने लागत असल्यामुळे मूळ भाव पाच रुपयांनी वाढला तर बडोद्याच्या ग्राहकाला सुमारे ५ रुपये ९० पैसे जास्त मोजावे लागतात, इंदूरच्या ग्राहकाला साडेसहा रुपये. भाव चढला की आपल्याला तो गुजरातेपेक्षा जास्त चढतो, आणि महिन्याचे अंदाजपत्रक करताना हे गृहीत धरले पाहिजे.

आता बडोद्याच्या फेरीविषयी. वहीवरून दिसते, की निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आपण इंदुरात टाकी फुल करता. ही सवय आधी सोडावी. धार, झाबुआ करत पिटोलला सीमा ओलांडली की पुढे दाहोद लागते. तेथवरचे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि रस्त्यावर गाडी १८ चे ॲव्हरेज देते असे धरले तर त्याला अकरा लिटर पुरतात. सुरक्षिततेसाठी वर पाच लिटर ठेवून सोळा लिटरांवर निघावे आणि पुढचे पेट्रोल गुजरातेत घ्यावे. परतताना बडोद्याला टाकी फुल करण्याचा मोह होईल, कारण तिथे भाव दाहोदपेक्षा किंचित कमी असतो. तरीही शेवटचे पेट्रोल दाहोदलाच भरावे. आपली टाकी ३७ लिटरची आहे. बडोद्याला भरली तर सुदामा नगरात पोहोचेपर्यंत तिच्यात अठरा लिटर उरतील, दाहोदला भरली तर सव्वीस. अशा रीतीने एका फेरीत सुमारे ४८ लिटर पेट्रोल गुजरातच्या भावाने पदरात पडते, आणि फरक अकरा रुपयांचा धरला तरी सव्वापाचशे रुपये वाचतात. वर्षाला सहा फेऱ्या म्हणजे तीन हजारांवर रक्कम झाली. हे पैसे विनाकष्ट मिळतात, कारण फेरी मुलासाठी तशीही होणारच आहे. केवळ पेट्रोलसाठी सीमेपलीकडे जाणे किंवा कॅन भरून आणणे या दोन्ही गोष्टी मनात आणू नयेत. पहिलीत पैसा जातो आणि दुसरीत जिवाला धोका आहे, कारण बंद गाडीत पेट्रोलची वाफ साठायला फार वेळ लागत नाही.

केव्हा भरावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. आपण पहाटे पावणेसहाला पंपावर जाता, कारण नवा भाव सकाळी सहाला लागू होतो. नियम तसा आहेच: पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, १६ जून २०१७ पासून ते देशभर रोज बदलू लागले. परंतु रोज बदलण्याची मुभा असणे वेगळे आणि रोज बदलणे वेगळे. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, पाच राज्यांच्या निवडणुकांच्या तोंडावर, भाव साडेचार महिने हलले नाहीत. मग २२ मार्च ते ६ एप्रिल या सोळा दिवसांत चौदा वेळा वाढले आणि दिल्लीत ती वाढ दहा रुपयांची झाली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरील शुल्क आठ रुपयांनी घटवले. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांची कपात झाली, आणि पुढे एप्रिल २०२५ मध्ये क्रूड, म्हणजे कच्चे तेल, उतरलेले असताना केंद्राने शुल्क दोन रुपयांनी वाढवले, ते कंपन्यांनी आपल्या पोटात घातल्याने पंपावर काहीच दिसले नाही. याचा अर्थ असा, की आपल्याकडचा भाव जागतिक बाजाराबरोबर चालत नाही. तो बराच काळ बसून राहतो आणि एकदम उठतो. क्रूडच्या बातम्या वाचून पहाटे पंप गाठणाऱ्याला यातून फारसे काही मिळत नाही. २०२२ च्या त्या वाढीचा मुहूर्त एखाद्याने अचूक साधला असता आणि जवळजवळ रिकामी टाकी आदल्या दिवशी भरली असती, तरी त्याला साडेतीनशे रुपयांचा लाभ झाला असता, आणि तोही एकदाच. पहाटेच्या गारव्यात पेट्रोल जास्त मिळते या समजुतीलाही जागा नाही, कारण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान दिवसभरात नावापुरतेच बदलते. पहाटेची झोप घ्यावी.

तेल कंपन्यांच्या शेअरची कल्पना वरकरणी सुबक आहे: पेट्रोल महागले तर खिशातून जाईल तेवढे शेअरमधून परत येईल. प्रत्यक्षात पंप चालवणाऱ्या कंपन्यांचे उलट होऊ शकते. क्रूड महाग झाले आणि पंपावरचा भाव रोखून धरला गेला, की तोटा त्यांच्या अंगावर येतो. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही कंपन्या तोट्यात गेल्या, त्यातल्या एकट्या हिंदुस्थान पेट्रोलियमचा तोटा दहा हजार कोटींच्या वर होता. म्हणजे ज्या वेळी भरपाई हवी, नेमक्या त्याच वेळी शेअर खाली असण्याची शक्यता. क्रूड काढणाऱ्या कंपन्यांचे गणित वेगळे आहे, पण १ जुलै २०२२ ला केंद्राने त्यांच्या वाढीव नफ्यावर कर बसवला आणि तो डिसेंबर २०२४ पर्यंत राहिला. शेअर घ्यायचे तर गुंतवणूक म्हणून, दीर्घ मुदतीसाठी आणि इतर शेअरांच्या सोबत घ्यावेत; पेट्रोलच्या बिलाशी त्यांची सांगड घालू नये.

आता क्रेडिट कार्ड. पत्राच्या शेवटी, जाता जाता, आपण लिहिले आहे की जुन्या कार्डावर ३८,००० रुपये बाकी आहेत आणि गेले काही महिने आपण किमान रक्कम भरत आहात. मला क्षमा करा, पण सगळ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरले तर या बाकीवर दरमहा १,३३० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे १,५७० रुपये जातात. पेट्रोलचे कार्ड आपल्याला फार तर महिन्याला तीन-चारशे रुपयांचे गुण देईल, त्यावर मासिक मर्यादा असेल, वार्षिक शुल्क असेल, आणि पेट्रोलचे पैसे कार्डाने भरल्यावर लागणारा एक टक्का अधिभार माफ झाला तरी त्या अधिभारावरचा जीएसटी बहुधा परत मिळणार नाही. आवर्ती ठेवीत आपले साठ हजार आहेत. ती ठेव मोडावी, ३८,००० आजच भरावेत, आणि सहा महिने प्रत्येक बिल तारखेआधी पूर्ण भरले गेले तरच पेट्रोलच्या कार्डाचा विचार करावा. ठेव मोडल्याने व्याजात जे थोडे नुकसान होईल ते कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजात भरून निघण्याजोगे आहे.

राहिली गाडी. ॲव्हरेज १७ वरून १६ वर आल्याने पंपवाला मापात मारतो असा आपला संशय आहे. तसे असू शकते, आणि त्याची तपासणी सोपी आहे: प्रत्येक पंपावर प्रमाणित पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक आहे, ते मागून समोर भरून घ्यावे, आणि २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट दिसली तर वैधमापन विभागाकडे तक्रार करावी. मी स्वतः एकदा बोलण्याच्या नादात मीटरवरचा शून्य पाहायला विसरलो आणि आधीच्या ग्राहकाचे दोनशे रुपये भरून आलो. तेव्हापासून पंपावर बोलत नाही. ५०० ऐवजी ४९० रुपयांचे भरल्याने मात्र मापात काही फरक पडत नाही. परंतु आपल्या बाबतीत दुसरे कारण अधिक संभवते. आता सर्वत्र २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, आणि जुन्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये तीन ते सहा टक्के घट संभवते असे पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटले आहे. सतराचे सोळा म्हणजे सहा टक्केच झाले. जास्त भावाचे प्रीमियम पेट्रोल भरून ही घट भरून निघेल अशी आशा आपल्या गाडीच्या बाबतीत धरू नये.

वहीत पाचवा रकाना आखावा, तो किलोमीटरचा. दर वेळी ५०० रुपयांचे न भरता टाकी फुल करावी, आकडा लिहावा, आणि पुढच्या फुल टाकीला किलोमीटर भागिले लिटर करावे. त्याशिवाय ॲव्हरेज १६ आहे की १५, हे आपल्यालाही नक्की ठाऊक नाही. पगाराच्या दिवशी १२,००० रुपये पेट्रोलसाठी वेगळ्या बचत खात्यात टाकावेत. आज खर्च १०,६५० आहे, म्हणजे दरमहा १,३५० मागे पडतील, आणि भाव लिटरला दहा रुपयांनी चढला तरी वाढणारे हजार रुपये त्यातच बसतील.

आणि आपल्याच गल्लीतले ते सहकारी, ज्यांनी आळीपाळीने गाडी काढण्याचा प्रस्ताव दिला आणि ज्यांना आपण 'पाहू' म्हणालात, त्यांना या आठवड्यात होकार कळवावा. रोजचे पंचावन्न किलोमीटर आणि महिन्याचे चोवीस दिवस धरता एक आठवडा आपली गाडी आणि एक आठवडा त्यांची, एवढ्याने आपले एक्केचाळीस लिटर वाचतात, आणि त्याचे ४,३०० रुपयांहून अधिक होतात. ते गाडीत फार बोलतात ही आपली अडचण मी वाचली आहे.