विदगावच्या पुलावरची धडधड

"ताई, नुसतं बोलून छातीतली धडधड कशी थांबेल?"

जळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा तपासण्यांची जाड फाइल असते. उत्तर म्हणून चोपड्याकडच्या एका केळी उत्पादक भाऊंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मे महिन्यातल्या वादळात त्यांची कापणीला आलेली बाग आडवी झाली. पंधरा दिवसांनी बँकेच्या कामासाठी मोटारसायकलवर जळगावला येताना, विदगावच्या तापीच्या पुलावर छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी कठड्याला लावून ते खालीच बसले. "माले वाटनं, आते मी चालनू," हे सांगतानाही त्यांचा हात छातीवर होता.

ईसीजी, इको, ट्रेडमिल टेस्ट, सगळं नॉर्मल आलं. 'काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून ते घरी गेले. मायनं नजर उतरवली. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून खिशात सॉर्बिट्रेट या हृदयविकारावरच्या गोळीची पट्टी आली, गाडीला पाण्याची बाटली लटकली. जळगावची कामं पुतण्या करू लागला.

'काही झालेलं नाही' हे वाक्य मला फार खटकतं. हृदयाला काही झालेलं नव्हतं, हे खरं. पण माणसानं मरण समोर पाहिलं होतं, त्याचं काय? म्हणून पहिला तास मी जवळजवळ फक्त ऐकलं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1957 साली मांडलं होतं की समोरच्याला खोलवर समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खरं असणं यातूनच माणूस बदलायला लागतो. माझ्या अनुभवात एवढ्यानं सगळं होत नाही, पण याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. त्या तासात बाग पडल्याबद्दल ते पहिल्यांदा रडले. घरी बायकोसमोरही रडले नव्हते.

मग माझी एक चूक झाली. निघताना मी त्यांना सावकाश पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. एरवी हा उपाय चांगला, पण पुढच्या वेळी ते वैतागूनच आले. "श्वास मोजत बसतो ताई, तरी धडधड जात नाही. म्हणजे माझं दुखणं मोठंच असणार." मी दिलेला श्वास त्यांच्या खिशातल्या गोळीसारखाच झाला होता. धडधड म्हणजे धोका, तिला हाकललंच पाहिजे, ही समजूत मी नकळत पक्की केली होती.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये भीतीच्या अशा झटक्यांचं, म्हणजे पॅनिक अटॅकचं, चक्र मांडलं. शरीरात साधा बदल होतो, त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लागतो, त्यामुळे भीती वाढते, भीतीनं अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि धडधड आणखी जोरात. मी हे कागदावर गोल काढून दाखवलं. भाऊंनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. मग म्हटलं, "चला, दोघं मिळून एक मिनिट जोरजोरात श्वास घेऊ." हृदयाचे रिपोर्ट चांगले होते, दमा नव्हता, म्हणूनच हे केलं, कुणी घरी एकट्यानं करून पाहू नये. चाळीस सेकंद झाले नसतील, त्यांनी बोटं डोळ्यांसमोर धरली. "मुंग्या! ताई, ह्याच त्या पुलावरच्या मुंग्या!" जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मुंग्या येतात, गरगरतं. माझ्याही बोटांना मुंग्या आल्या होत्या, तेही त्यांना सांगितलं. दोन-तीन मिनिटांत सगळं निवळलं. ते बराच वेळ हाताकडे बघत होते.

हा मार्ग अ‍ॅरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या विचार तपासण्याच्या पद्धतीतून आला. 1960 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की रुग्णाच्या मनात आपोआप उमटणारे विचार भावना ठरवतात. विचार पुराव्यावर घासून पाहायचा, त्याची समजूत घालत बसायचं नाही.

पण पूल तर गाठायचाच होता. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1958 मध्ये भीतीकडे पायरी पायरीनं जायची रीत मांडली. त्यात शरीर सैल करण्याची जोड होती. पुढे दिसलं की त्या जोडीशिवायही सामोरं जाणं काम करतं. आम्ही वहीत पायऱ्या लिहिल्या: पुलाच्या अलीकडे उभं राहणं, पुतण्याच्या मागे बसून पार करणं, एकट्यानं गाडी नेणं, मध्यावर थांबणं. शेवटी बाटली आणि गोळी घरी. सॉर्बिट्रेटबद्दल आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ती त्यांना कुणी लिहून दिलेलीच नव्हती, आणि तिनं रक्तदाब उतरून उलट गरगरू शकतं. प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी आकडा द्यायचा आणि ती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं.

एका ठिकाणी मात्र मी बेक यांची पद्धत बाजूला ठेवली. 'कर्ज कसं फिटेल?' हा काही चुकीचा विचार नव्हता. बाग खरंच पडली होती. तिथं 'सकारात्मक विचार करा' म्हणणं मला अपमानकारक वाटतं. आम्ही कामांची यादी केली: पंचनाम्याची प्रत, विम्याचा अर्ज, कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल बँकेत विचारणं. उरलेल्या काळजीला संध्याकाळी सात ते साडेसात अशी ओट्यावरची वेळ दिली, बायकोसोबत. रात्री दोनला काळजी आली तर तिला सांगायचं, उद्या सातला.

कुणाला यासोबत औषधंही लागतात. झोप पार उडाली, जेवण सुटलं किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, वाट पाहत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

भाऊंचं येणं चार महिन्यांत थांबलं. पुढच्या मे मध्ये आभाळ भरून आलं त्या दिवशी त्यांना पुलावर पुन्हा झटका आला. संध्याकाळी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला: 'भीती 8. मध्यावर थांबलो. गोळी नव्हती. 15 मिनिटांनी 3. मग बँकेत गेलो.'