आधी घरी जायचं नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात भेटलास तेव्हा म्हणालास, "काका, ऑफिसातून निघताना आज व्यायाम करायचाच असं पक्कं ठरलेलं असतं. घरी पोचलो की सगळं ओसरतं. माझ्यातच काही कमी आहे का?" मी तेव्हा नुसती मान हलवली. रात्री मात्र झोप लागेना. हेच वाक्य मी पस्तिशीत बायकोला ऐकवलं होतं.

तुझ्यात काही कमी नाही. तू आधी घरी जातोस, तिथे चुकतं.

घरी गेल्यावर काय होतं ते मी पंधरा वर्षं केलंय. दारात बूट काढायचे, हातपाय धुवायचे, चहा यायचा, सोबत वाटीभर चिवडा. दहा मिनिटं पडतो म्हणून कॉटवर पाठ टेकली की उठायचं ते थेट जेवायलाच. बुटाची नाडी सुटली की संध्याकाळ संपली. म्हणून नाडी घरात सुटायच्या आधी पर्वतीची टेकडी.

तुझं ऑफिस कॅम्पात, घर सिंहगड रोडला. पर्वती वाटेवरच आहे. रुंद दगडी १०३ पायऱ्या. पहिला आठवडा एकदाच चढ, धाप लागली तर कडेला बस, कोणी बघत नाही. मग दोनदा, तीनदा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तसाही तू त्या वेळेला सिंहगड रोडच्या गर्दीत क्लच दाबून उभाच असतोस.

आणि उत्साह, उत्साह काय लावलंयस? ऑफिसला जायला रोज उत्साह असतो का तुला? तरी जातोसच ना. जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरण्याचा विचारही सोडून दे. घरी जाऊन मग जिमला, हे तुझ्याच्याने होणार नाही. माझ्याच्याने झालं नाही.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. मला सगळं ठाऊक होतं, तरी पाय हलले ते सत्तेचाळिसाव्या वर्षी, रिपोर्ट हातात आल्यावर. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन नीट लागू पडत नसलं तरी. एवढी साधी गोष्ट मी पंधरा वर्षं कॉटवर घालवल्यावर शिकलो. ती वर्षं आठवली की आजही घशात काहीतरी अडकतं.

हिचं अजून म्हणणं आहे की मुलगा दहावीला होता तेव्हा मी टेकडीवर होतो. खरं आहे. अभ्यास तिनेच घेतला. तो पाऊण तास घराचाच होता, हेही मान्य. पण गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नेमकी लिफ्ट बंद पडली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर दिवसाला पाच-पाच खेपा कोणी घातल्या? पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

तू एक पिशवी भर. बूट, जुना टी-शर्ट, पंचा. गाडीच्या डिकीत ठेव, धुवायचे कपडे सोडून घरात काही आणू नकोस. निघताना एखादं केळं किंवा गूळ-शेंगदाणे खा, म्हणजे भुकेचं निमित्त उरणार नाही.

सोमवारी साडेसहाला मी पायथ्याशी आहे. काम लांबलं तर फोन कर, साडेसातपर्यंत थांबेन. घरी जाऊन येतो म्हणालास तर थांबणार नाही.

तुझा,
काका